रोमचे कोलोसियम: तळघर, रिंगण आणि वरच्या मजल्यांचे विशेष तिकीट घ्यावे का?

सांजवारा (१२ ऑगस्ट, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघे, म्हणजे मी, पत्नी, १३ वर्षांचा मुलगा आणि ७१ वर्षांची आई, इटलीला जात आहोत. रोमसाठी तीन दिवस हाताशी आहेत. व्हिसा झाला, राहण्याची सोय झाली, पण कोलोसियमच्या, म्हणजे प्राचीन रोमच्या त्या भव्य रंगमंडलाच्या, तिकिटापाशी घोडे अडले आहे.

अधिकृत संकेतस्थळावर साधे तिकीट १८ युरोला दिसते. त्यात कोलोसियमचे नेहमीचे मजले, रोमन फोरम आणि पॅलाटाइन टेकडी येते. २४ युरोच्या विशेष तिकिटाचे प्रकार मात्र निरनिराळे आहेत. एकात रिंगणाच्या लाकडी मंचावर उभे राहता येते, एकात रिंगणाबरोबर खालच्या तळघरातही नेतात आणि एकात अगदी माथ्याच्या मजल्यापर्यंत जाता येते. याखेरीज एका खासगी सहलवाल्याने तळघरासह 'खास' फेरीचे माणशी ११० युरो सांगितले आहेत.

मुलगा ग्लॅडिएटरवेडा (म्हणजे रिंगणात झुंजणाऱ्या रोमन लढवय्यांच्या नादाचा) आहे, आईचे गुडघे कुरकुरतात, आणि मला स्वतःला पडक्या भिंतींपुढे फार वेळ उभे राहण्याची सवय नाही, हे आधीच कबूल करतो. ज्यांनी साधी आणि विशेष अशी दोन्ही तिकिटे काढून पाहिली आहेत, त्यांनी कृपया सांगावे की जादा पैशांत जादा काय पाहायला मिळते.

मिलानकर (१२ ऑगस्ट, रात्री ११.०५)

मी ९ वर्षे मिलानमध्ये राहतो. भारतातून आलेल्या नातेवाइकांना घेऊन रोमला गेलो नाही असे एकही वर्ष गेलेले नाही, त्यामुळे माझे कोलोसियमचे ज्ञान आवडीपेक्षा नात्यागोत्यातून आलेले आहे, असे समजून वाचावे.

सांजवारा, घ्यावे की नाही हे ठरवण्याआधी मिळेल की नाही, हा प्रश्न आहे. तिकिटे भेटीच्या ३० दिवस आधी खुली होतात आणि तळघराची तिकिटे पाहता पाहता संपतात. ऑक्टोबर २०२३ पासून तिकिटावर नाव छापलेले असते आणि दारात ते पासपोर्टशी ताडून पाहतात, म्हणून नाव पासपोर्टवर आहे तसेच भरावे. संगणकी प्रणाली वापरून घाऊक तिकिटे उचलायची आणि चढ्या भावाने विकायची, हा धंदा येथे अनेक वर्षे चालला. अखेर एप्रिल २०२५ मध्ये इटलीच्या स्पर्धा नियामकाने या प्रकरणात तिकीटविक्रीची जुनी संस्था आणि काही सहलकंपन्या यांना मिळून जवळपास २ कोटी युरोंचा दंड ठोठावला. तुम्हाला ११० युरो सांगणाऱ्याला नेमका प्रश्न विचारा, की त्याच्या फेरीत तळघर खरोखर आहे का, आणि असल्यास किती वेळ. उत्तर लेखी घ्या.

मुलाला १८ वर्षांखालील म्हणून प्रवेश मोफत आहे, पण त्याच्या नावाचे तिकीट मात्र काढावेच लागते. मोठी सॅक आणि काचेची बाटली आत नेऊ देत नाहीत.

अडगळ (१३ ऑगस्ट, सकाळी ७.१५)

युरोला शंभराने गुणणे थांबवले की निम्मी इटली स्वस्त होते, असा स्वानुभव आहे. उरलेली निम्मी परत येऊन बँकेचे पुस्तक पाहिल्यावर महाग होते.

रानवाटा (१३ ऑगस्ट, सकाळी १०.३०)

मी विरुद्ध बाजूने लिहितो, कारण रिंगणाच्या तिकिटाने माझी निराशा केली आहे.

रिंगण म्हणजे पूर्ण मैदान असेल, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात मूळ रिंगण सुमारे ८३ मीटर लांब आणि ४८ मीटर रुंद, आणि त्याची मूळ लाकडी जमीन केव्हाच नाहीशी झालेली. आज एका टोकाला नव्याने बांधलेला मंच आहे आणि बाकी सारे उघडे तळघर. आम्ही ऑगस्टच्या दुपारी त्या मंचावर उभे होतो. सावली नाही, बसायला जागा नाही, आणि आमच्या आधीच्या गटातील प्रत्येक जण दोन्ही हात वर करून ललकारी दिल्याचा फोटो काढून घेत होता. आम्हीही घेतला, खोटे कशाला बोलू. पंधरा-वीस मिनिटांत आम्हाला पुढे काढण्यात आले. नंतर साध्या तिकिटाच्या भागात पहिल्या मजल्याच्या कठड्याशी गेलो, तेव्हा लक्षात आले की तळघराच्या भिंतींची सारी रचना इथून अधिक नीट दिसते. मग आपण खाली उन्हात काय मिळवले, हा प्रश्न पत्नीने विचारला आणि मी विषय बदलला.

पूर्ण मागेपुढे सरकणारी नवी जमीन बसवण्याची घोषणा २०२१ मध्ये झाली होती. मी गेलो तोवर तरी ती बसलेली नव्हती.

दगडफोड्या (१३ ऑगस्ट, दुपारी २.२०)

रानवाटा यांचे म्हणणे रिंगणापुरते मान्य आहे. तळघराला मात्र तो न्याय लावू नये. मी व्यवसायाने स्थापत्य अभियंता आहे आणि तळघरात दोनदा गेलो आहे, तेव्हा थोडे सविस्तर लिहितो.

इसवी सन ८० मध्ये सम्राट टायटसने कोलोसियमचे उद्घाटन केले तेव्हा आज दिसते तसे विटा-दगडांचे तळघर नव्हते. ते त्याचा धाकटा भाऊ डोमिशियन याने नंतर बांधवले. ते झाल्यावर या वास्तूचा स्वभावच बदलला. त्याआधी जे काही रिंगणात यायचे ते दारातून चालत यायचे. तळघर झाल्यावर ते जमिनीतून उगवू लागले. पन्नास हजारांच्या आसपास प्रेक्षक पाहत असताना मधेच वाळूतली एक फळी खाली कलायची आणि त्या उतारावरून बिबळ्या वर यायचा. जाहिरात न करता धक्का देण्याची ही यंत्रणा होती.

ती कशी चालायची हे दगडातच कोरलेले आहे, पण ते वरच्या कठड्यावरून दिसत नाही. जर्मन पुरातत्त्व संस्थेचे हाइन्झ-युर्गन बेस्टे यांनी १९९६ पासून अनेक वर्षे या भिंतींवरील खाचा, खोबणी आणि भोके मोजली आणि त्यांवरून पिंजरे उचलणारे पाळणे, उतरते पूल आणि दोर यांचा मेळ बसवला. जमिनीत गोल भोके आहेत आणि काहींत अजून काशाचे बूड शिल्लक आहे. त्यांत उभा खांब फिरायचा. खांबाला आडवे दांडे असायचे आणि ते माणसे ढकलायची, आपल्याकडे तेलाच्या घाण्याला बैल जुंपत तशी. २०१५ मध्ये तळघरात अशा एका पाळण्याची लाकडी प्रतिकृती उभारली गेली आणि ती फिरवायला आठ माणसे लागतात. आता डोळ्यांपुढे आणा, की असे अनेक पाळणे, तेलाचे दिवे, भेदरलेली जनावरे, डोक्यावर लाकडी जमीन आणि त्यावर हजारो लोकांचा गलका. दोन भिंतींमधल्या बोळात उभे राहिल्यावर मला पहिल्यांदा कळले, की येथे काम करणाऱ्याला वरचा खेळ कधी दिसतच नसणार.

दीर्घ दुरुस्तीनंतर जून २०२१ मध्ये तळघर लोकांसाठी खुले झाले आणि सुमारे १६० मीटरची लाकडी पायवाट घातली गेली. ज्याला यंत्रे आवडतात त्याने हे तिकीट सोडू नये. ज्याला फक्त 'आपण तिथे होतो' एवढेच सांगायचे आहे, त्याला साधे तिकीट पुरे.

जुनीच_मी (१३ ऑगस्ट, सायंकाळी ६.००)

दगडफोड्या, प्रतिसाद वाचनखूण करून ठेवला आहे.

सांजवारा, मी तुमच्या आईंच्या बाजूने लिहिते, कारण गेल्या वर्षी माझ्या सासूबाई बरोबर होत्या. तळमजल्यावरून पहिल्या मजल्यावर जाणारा जिना भलताच उभा आहे. एकेक पायरी म्हणजे गडाची पायरी समजा. ज्येष्ठांसाठी आणि चालण्याची अडचण असणाऱ्यांसाठी लिफ्ट आहे, पण ती आपणहून कोणी दाखवत नाही. तेथील कर्मचाऱ्याला गुडघ्याकडे बोट दाखवून विचारावे लागते. आम्ही भाषेशिवाय तेवढ्यावर काम भागवले.

दुसरे म्हणजे आमची फसगत. आम्ही येथूनच एका सहलकंपनीकडून 'विशेष प्रवेश' असे लिहिलेली फेरी घेतली होती. तिथे गेल्यावर कळले की विशेष म्हणजे केवळ रांग टाळणे, आणि सुरक्षा तपासणीची रांग तर सर्वांनाच लागते. तळघर नाही, रिंगण नाही. भांडायला वाटाड्या इटालियन होता आणि तो बिचारा स्वतःच रोजंदारीवर होता. विशेष या शब्दाची व्याख्या आधी विचारून घ्यावी.

हिशेबनीस (१३ ऑगस्ट, रात्री ८.१०)

आपण सगळे चुकीची तुलना करीत आहोत, असे वाटते. १८ आणि २४ यांतील फरक ६ युरोंचा आहे. मुलगा मोफत, म्हणजे तीन प्रौढांचा मिळून फरक १८ युरो. रोममध्ये चौघांनी टेबलावर बसून कॉफी आणि थोडे खाणे केले तरी तेवढे जातात. अधिकृत तिकीट मिळत असेल तर घ्यावे की नाही, यावर एवढा काथ्याकूट करण्याचे कारणच नाही.

खरा प्रश्न २४ विरुद्ध ११० असा आहे. त्या ८६ युरोंत तुम्ही तिकीट विकत घेत नाही, वाटाड्याचे बोलणे आणि स्वतःची झोप विकत घेता. ३० दिवस आधी संगणकासमोर बसायची तयारी असेल तर झोपेचे पैसे वाचतात. वाटाड्याचे वाचवावेत का, यावर जाणकारांनी लिहावे.

अर्धाकप (१३ ऑगस्ट, रात्री १०.४५)

कोणीच वरच्या मजल्यांबद्दल लिहिले नाही, म्हणून लिहिते.

कोलोसियममध्ये बसण्याची जागा जन्माने आणि पदाने ठरत असे. खाली रिंगणाला लागून सिनेटर, त्यांच्या मागे सरदार मंडळी, मग सामान्य नागरिक, आणि अगदी माथ्यावर लाकडी बाकांवर बायका आणि गरीबगुरीब. म्हणजे जी जागा त्या काळी सर्वांत हलकी मानली जाई, तीच आज जादा पैसे देऊन आणि लहान गटांतच पाहायला मिळते. मला या उलथापालथीचे फार समाधान वाटले, आणि मी तिथे थोडी जास्तच वेळ उभी राहिले.

वर गेल्यावर वास्तू प्रथमच एकसंध दिसते. खालून तुम्हाला भिंती दिसतात, वरून वाडगा दिसतो. एका बाजूला कॉन्स्टंटाइनची कमान, त्यामागे पॅलाटाइनची झाडे, दुसरीकडे फोरमकडे जाणारा सरळ रस्ता. बाहेरच्या भिंतीच्या माथ्याशी खांब टेकवण्यासाठी पुढे काढलेले दगड आहेत. प्रेक्षकांवर कापडी छत ताणण्यासाठी तिथे २४० खांब उभे करीत आणि ते छत ओढायला मिसेनमच्या आरमारातील खलाशी ठेवलेले होते. शिडाच्या दोरांची सवय असलेल्या माणसांनाच ते काम जमणार, हे वर उभे राहून वारा खाल्ल्यावर पटते.

२०२३ साली वरच्या मजल्यांसाठी नवी लिफ्ट सुरू झाली, त्यामुळे सांजवारांच्या आईंनाही हा पर्याय अशक्य नाही. तीनांपैकी एकच निवडायचे झाले तर मी माथा निवडेन.

रानवाटा (१४ ऑगस्ट, सकाळी ९.००)

अर्धाकप, तुमच्याशी सहमत. मला हे आधी सांगणारे कोणी भेटले असते तर आमचा दुपारचा संवाद टळला असता.

हिशेबनीस यांनी वाटाड्याचे विचारले आहे. आमच्या वाटाड्याने तीन गोष्टी ठणकावून सांगितल्या. सम्राटाने अंगठा खाली केला की मरण, येथे हजारो ख्रिस्ती लोक सिंहांपुढे टाकले गेले, आणि प्रत्येक लढतीत एक जण मरायचाच. घरी येऊन वाचले तर तिन्ही डळमळीत निघाल्या.

दगडफोड्या (१४ ऑगस्ट, सकाळी ११.४०)

तिन्ही डळमळीत आहेत, हे खरे. लॅटिनमध्ये 'वळवलेला अंगठा' एवढाच उल्लेख आहे. तो वर, खाली की आडवा वळवायचा, हे त्यातून कळत नाही. ख्रिस्ती हुतात्म्यांचा छळ रोमन साम्राज्यात झाला, यात वाद नाही, पण तो याच इमारतीत झाल्याचा समकालीन भक्कम पुरावा मिळत नाही. १८ व्या शतकात पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी ही वास्तू पवित्र म्हणून जाहीर केल्यावर ती समजूत घट्ट झाली. त्यातून एक फायदा झाला, की दगड पळवण्याला आळा बसला. १३४९ च्या भूकंपात दक्षिणेकडची बाहेरची भिंत कोसळल्यापासून रोमकरांनी ही जागा दगडांची खाण म्हणूनच वापरली होती. भिंतीवर जी असंख्य भोके दिसतात ती गोळ्यांची नव्हेत. दगड जोडणाऱ्या लोखंडी पकडी उपटून नेल्याच्या त्या खुणा आहेत.

आणि प्रत्येक लढत मरणाचीच असती तर धंदा चालला नसता, कारण तयार ग्लॅडिएटर ही मालकाची महाग गुंतवणूक होती. उद्घाटनाच्या खेळांतील प्रिस्कस आणि व्हेरस यांची लढत कवी मार्शलने वर्णिली आहे. दोघे इतके तुल्यबळ ठरले की अखेर दोघांनीही एकाच वेळी हार मानली, आणि टायटसने दोघांनाही विजयी ठरवून मुक्तीची लाकडी तलवार दिली. सांजवारा, ही गोष्ट मुलाला विमानातच सांगा. तयारी करून गेलात तर ८६ युरोंचा वाटाड्या लागत नाही.

मनीमाऊ (१४ ऑगस्ट, दुपारी १.००)

मी तीनदा रोमला गेले आणि तीनदाही आत गेले नाही. जिथे माणसांना आणि मुक्या जनावरांना करमणुकीसाठी मारले तिथे रांग लावून पैसे मोजायचे, हे मनाला पटत नाही. कॅशियस डिओ या इतिहासकाराने उद्घाटनाच्या खेळांत ९,००० जनावरे मारल्याचे लिहिले आहे. त्यापुढे लाकडी मंचावर हात वर करून फोटो?

अर्धाकप (१४ ऑगस्ट, दुपारी १.५०)

मनीमाऊ, फोटोबद्दलचा तुमचा राग रास्त आहे. मात्र गेली पंचवीसेक वर्षे जगात कुठे फाशीची शिक्षा रद्द झाली की याच इमारतीवरचे दिवे सोनेरी करण्याची पद्धत आहे. शहराने या जागेचे काय करायचे, याचा विचार केलेला दिसतो. आत न जाण्याचा तुमचा निर्णय मला समजतो, पण तळघर पाहिल्यावर त्या हिंसेचे कारखान्यासारखे स्वरूप जितके कळते तितके बाहेरून कळत नाही.

कोल्हापुरी_ठसका (१४ ऑगस्ट, दुपारी ४.३०)

थोडे अवांतर होईल, पण जनावरांचा विषय निघाला म्हणून लिहितो. रोमन लोकांनी वाघ पहिल्यांदा पाहिला तो भारतातून गेलेल्या राजदूतांनी सम्राट ऑगस्टसला नजर केलेला. ही भेट इसवी सनापूर्वी २० मध्ये सामोस बेटावर झाल्याचे मनीमाऊंनी उल्लेखलेल्या डिओनेच लिहिले आहे. पुढे रिंगणात वाघ आले, त्यांतले बहुतेक कॅस्पियन समुद्राकडचे असावेत. आपल्याकडून मुख्यतः मिरी जात होती आणि बदल्यात सोने, मद्य आणि काशाच्या वस्तू येत होत्या. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात, १९४४-४५ च्या सुमारास, पोसायडन या समुद्रदेवाची जी काशाची छोटी मूर्ती निघाली ती आज टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. रोमला जाण्याआधी ती पाहून घ्यावी. तिला विशेष तिकीट लागत नाही आणि तांबडा-पांढरा चालत जाण्याच्या अंतरावर मिळतो.

अडगळ (१४ ऑगस्ट, दुपारी ४.४५)

धागा पंचगंगेवर पोहोचला. कोणीतरी रोमच्या टायबर नदीकडे परत न्यावा.

वाळवंट (१४ ऑगस्ट, रात्री ९.३०)

मी नेतो, थोड्या वळणाने.

तळघरात शिरण्याची हौस असेल तर ती रोममध्येच भागवली पाहिजे असे नाही. आम्ही दोन वर्षांपूर्वी नेपल्सला मुक्काम केला होता आणि तिथून रेल्वेने सांता मारिया कापुआ वेतेरे या गावी गेलो. बंडखोर ग्लॅडिएटर स्पार्टाकसने इसवी सनापूर्वी ७३ मध्ये ज्या आखाड्यातून पलायन केले तो कापुआमधलाच. आज दिसणारे तिथले रंगमंडल त्याच्या नंतरचे आहे, पण आकाराने कोलोसियमच्या पंगतीत बसणारे. तळघराच्या कमानींखालून आम्ही साध्या तिकिटात फिरलो, आणि तासाभरात आम्हाला भेटलेली माणसे म्हणजे शाळेची एक सहल आणि एक मांजर. ट्युनिशियातील एल जेमलाही तसेच. तिसऱ्या शतकातील ते रंगमंडल १९७९ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि रिंगणाखालच्या बोळांत तुम्ही आपले आपण उतरता.

सांजवारा नेपल्स-पाँपेईला जाणार असतील तर रोममध्ये माथ्याचे तिकीट आणि तळघरासाठी कापुआ, असा बेत करता येईल.

मिलानकर (१५ ऑगस्ट, सकाळी ८.२०)

वाळवंट यांचा बेत उत्तम आहे, फक्त सत्तरीच्या आईंना घेऊन जादा गाडी बदलणे कितपत जमेल, ते पाहावे.

आणखी एक फुकटची गोष्ट सांगतो. कोलोसियममधून बाहेर पडून पूर्वेला रस्ता ओलांडला की लुडुस माग्नुस दिसते, म्हणजे ग्लॅडिएटरांची तालीम. ती रस्त्याच्या पातळीखाली आहे आणि कठड्यावरून सहज दिसते. लंबवर्तुळाकार सरावाच्या आखाड्याचा उत्खननात निघालेला अर्धा भाग आणि त्याभोवती कोठड्या. तिथून कोलोसियमच्या तळघरापर्यंत भुयार होते. बहुतेक जण समोरच्या खानावळीत बसून पिझ्झा खातात आणि तिकडे पाहतही नाहीत.

पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नयेत. रस्त्यात लोखंडी नळ अखंड वाहत असतात. तोटीचे तोंड बोटाने दाबले की वरच्या भोकातून पाण्याची धार कारंज्यासारखी उडते, ती थेट तोंडात घ्यावी. नातेवाइकांच्या मुलांना रोममधले पुढे एवढेच आठवते.

सांजवारा (१५ ऑगस्ट, रात्री १०.००)

सर्वांचे आभार. नेपल्सला जाणार नाही, त्यामुळे कापुआ पुढच्या वेळी. तळघराची चार तिकिटे मिळतात का पाहतो, नाही तर माथा. ११० युरोवाल्याला तळघरात किती वेळ नेणार, असे मिलानकरांच्या सांगण्यावरून विचारले. त्याने उत्तरादाखल हसरा चेहरा पाठवला आहे.

सांजवारा (२६ ऑक्टोबर, रात्री ९.१५)

परत आलो. धागा वर काढतो आहे, कारण उत्तर देणे लागतो.

३० दिवस आधी संगणकासमोर बसलो होतो. आमच्या दिवसाची तळघराची दोनच तिकिटे हाताला लागली, ती मुलाची आणि माझी काढली. आई आणि पत्नी यांना साधे तिकीट, त्याच तासाचे. माथ्याचा विचार तोवर मागे पडला, याची आता चुटपुट आहे.

तळघराबद्दल प्रामाणिकपणे सांगतो. गट विसेक जणांचा होता, वाटाडी बाई जाणकार होती, पण बोळ इतके अरुंद की मागच्या पाचसहा जणांना तिचे बोलणे ऐकू येत नव्हते आणि आम्ही त्या मागच्यांतलेच होतो. मला स्वतःला पहिली दहा मिनिटे ओल्या विटांखेरीज काही दिसले नाही. मग तिने जमिनीतल्या एका गोल खळग्यावर विजेरीचा झोत टाकला आणि विचारले, की हे कशासाठी असेल. मुलाने हात वर करून पाळणा, खांब, दांडे आणि आठ माणसे असे सगळे धडाधड सांगितले. ती थक्क झाली. दगडफोड्या, श्रेय तुमचे आहे. मी दिले नाही.

आई लिफ्टने पहिल्या मजल्यावर गेली (जुनीच_मी, गुडघ्याकडे बोट दाखवणे अचूक लागू पडले). तिने कठड्यावरून मुलाची पिवळी टोपी ओळखली आणि आम्ही खाली असतानाच मला फोन केला, की 'डावीकडे वळा, पुढे वाट बंद आहे'. तिला वरून सारे बोळ दिसत होते, मला समोरची भिंत. रात्री जेवताना तिचे मत विचारले तर म्हणाली, एवढी मोठी विहीर उपसली आणि आतल्या खोल्या तशाच ठेवल्या, वर झाकण घालायला हवे होते. तो २०२१ चा बेत तिला कळवायला हवा.

बाहेर पडताना उत्तरेच्या बाजूला मुलगा कमानींवरचे आकडे वाचत बसला. ८० दारांपैकी ७६ वर क्रमांक होते आणि त्या बाजूचे काही अजून वाचता येतात. त्याला ५२ सापडला. प्रेक्षकांना दाराचा क्रमांक कोरलेले फुकट बिल्ले मिळत, हे वाचल्यावर त्याने मला विचारले, की मग आपण पैसे का दिले.

तर मूळ प्रश्नाचे माझे उत्तर असे. मुलासाठी तळघर पुरेपूर वसूल झाले, माझ्यासाठी अर्धे. आईला साध्या तिकिटात आमच्याहून जास्त दिसले. पुन्हा गेलो तर मी माथा घेईन आणि मुलाला त्याच्या बळावर तळघरात पाठवीन. ११० युरो कोणासाठीच दिले नसते.

रानवाटा (२६ ऑक्टोबर, रात्री १०.०५)

रिंगणाच्या मंचावर हात वर करून फोटो काढलात का, एवढेच सांगा.

सांजवारा (२६ ऑक्टोबर, रात्री १०.१०)

काढला. पत्नी वरच्या कठड्यावर होती, त्यामुळे विषय बदलावा लागला नाही.

जुनीच_मी (२७ ऑक्टोबर, सकाळी ७.३०)

आईंना वर बसायला जागा होती का? आम्ही मार्चमध्ये माझ्या आईला घेऊन पुन्हा जात आहोत.

सांजवारा (२७ ऑक्टोबर, सकाळी ८.००)

पहिल्या मजल्यावर आतल्या बाजूला कमानीखाली दगडांचे मोठे तुकडे मांडून ठेवले आहेत. त्यांवर बसू देत नाहीत, एकदा टोकले. आम्ही घडीचा छोटा स्टूल नेला होता, तो तपासणीत उघडून पाहिला आणि सोडला. तोच न्या.